पारूबाईच्या डेअरीत ‘दाट’ हा शब्द चालत नाही

पारूबाई कांबळेच्या एकूण एक लुगड्याला गुडघ्यापाशी भोकं होती. गरिबीनं पडलेली नव्हेत, ॲसिडनं पडलेली. गडमुडशिंगीतल्या बायकांच्या दूध संस्थेत ती फॅट काढायची. काचेच्या नळीत आधी ॲसिड, मग दूध, वर थोडं अल्कोहोल. बूच लावायचं, नळी हातानं फिरवायच्या यंत्रात घालायची आणि चरबीचा पिवळा पट्टा नळीच्या मानेत कुठवर चढला ते डोळा लावून वाचायचं. हे तिला कुणी शिकवलं नाही. सातवी नापास बाई. एक्क्याण्णव साली संस्था निघाली तेव्हा तिला घेतलं होतं नळ्या धुवायला. धुता धुता तिनं सगळं बघून घेतलं, आणि फॅट काढणारा गडी एक दिवस लग्नाला गेला तेव्हा साठ नळ्या एकटीनं काढून दाखवल्या.

नळ्या धुणं वेगळं आणि दुधाला हात लावणं वेगळं, हे गावाला तेव्हा अचानक आठवलं. बुद्धवाड्यातली बाई! शेण काढायला, वैरण कापायला त्याच वाड्यातल्या बायका चालत होत्या, म्हशीच्या कासेखालची जागासुद्धा त्याच झाडत होत्या. दूध मात्र विटाळायला लागलं. तीन घरांच्या किटल्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेच्या दारात गेल्या. बाकीच्या बायका रांगेत उभ्या, पण पुढं कोण होईना. सगळ्यांच्या नजरा जमिनीला.

तेव्हा रांगेच्या शेवटाहून रुद्राणी पुढं आली. संस्थेची चेअरमन, लिंगायताच्या घरातली, माहेर निपाणीकडचं, त्यामुळं बोलण्यात कानडी मिसळलेली. तिनं किटली पारूबाईच्या हातातच दिली. खाली ठेवली नाही, हातात दिली.

“धर, पारव्वा. बघ, माझी म्हस खोटं बोलतीया का खरं.”

त्या दिवसापासून ती तिची पारव्वा आणि ही तिची रुद्राक्का. पुढचं सगळं समजायचं असेल तर ही किटली ध्यानात ठेवा.

फॅट काढायचं काम मग पारूबाईकडंच आलं, आणि त्या गादीवर बसल्या बसल्या तिनं एक कायदा केला. आकडा मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याचं दूध त्याच्या तोंडावर वाचायचा. आधी काय व्हायचं? सचिव केरबा नळीकडं बघायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचा आणि लिहायचा. बाईनं विचारलं तर “लिवलंय, जा” म्हणायचा.

“अगं, वरडतीस कशाला?” केरबा कावला. “बाजार हाय का ह्यो?”

“बाजारात कुजबुजत्यात, केरबादादा. हितं वरडायचं.”

मग सकाळी सहाला रस्त्यापर्यंत ऐकू जायचं, “बाळाबाई, सा पॉइंट दोन! सखूबाई, पाच पॉइंट आठ, पाणी कमी घाल गं!” बायका हसायच्या, चिडायच्या, भांडायच्या, पण आपला आकडा ऐकून घरी जायच्या. अठ्ठ्याण्णवला फॅटचं मशीन आलं, लाल आकडे दाखवणारं. महिनाभर तिनं मशीनच्या जोडीला नळीही काढली. आकडे जुळले तेव्हा कुठं तिनं ॲसिडची बाटली कपाटात ठेवली. “मशीन खोटं बोलत न्हाय,” असं तिनं तेव्हा जाहीर केलं. “खोटं बोलतो मशीनच्या म्होरं बसल्याला.”

हे वाक्य तिला आठ वर्षांनी स्वतःलाच गिळावं लागलं, कारण मशीनपुढं बसून आकडा न सांगणारा माणूस कोल्हापुरात डॉक्टरच्या कोटात निघाला, आणि चुकीचं मोठ्यानं वाचणारी निघाली ती स्वतः.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर शहरातल्या एका खासगी इस्पितळाची जीप गावात आली. चाळिशीच्या पुढच्या बायकांची छाती फुकट तपासणार, कॅन्सर आहे का बघणार. बायका तयार होईनात. पुरुष डॉक्टर असला तर? रुद्राणीनं चेअरमन म्हणून शब्द टाकला, पारूबाईनं घरोघर जाऊन बायका काढल्या. त्रेसष्ट जणी. जीपच्या सात-आठ फेऱ्या झाल्या.

तिथं तपासणाऱ्या सुष्मिता नावाच्या बाई होत्या, पस्तिशीच्या, दमानं बोलणाऱ्या. मशीनमध्ये दोन फळ्या, मध्ये छाती ठेवायची आणि वरची फळी खाली येणार.

“आगं आई गं, पापड लाटतीया!” बाळाबाई आतून बोंबलली, आणि बाहेर बाकावर बसलेल्या पंधरा जणी खो-खो हसल्या. पारूबाईला तर तिथं बरंच वाटलं. मशीन स्वच्छ, बाई नीट बोलणारी, आणि फोटोच्या कोपऱ्यात नंबर टाकत होते, डेअरीतल्यासारखे.

महिन्याभरानं कार्डं आली. गुलाबी कार्ड, वर नाव, खाली दोन ओळी. ‘दोष आढळला नाही.’ आणि त्याखाली ‘स्तनाचा प्रकार’, पुढं एक शब्द. कुणाच्या कार्डावर विरळ, कुणाच्या मध्यम, कुणाच्या दाट. बस्स. विरळ म्हणजे काय, दाट म्हणजे काय, ह्यानं फरक काय पडतो, एक अक्षर नाही. इस्पितळातल्या कुणा शहाण्यानं इंग्रजी शब्दाला मराठी शब्द चिकटवला आणि छापून मोकळा झाला. हे कार्ड दुधाच्या गावात जाणार आहे, ज्या गावात दाट म्हणजे अस्सल आणि पातळ म्हणजे चोरी, हे त्याच्या डोक्यात कशाला येईल!

कार्डं संस्थेत आली, कारण बायका तिथंच भेटायच्या. निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं. वाचणार कोण? पारूबाई. कशी वाचणार? जशी रोज वाचते तशी.

“बाळाबाई, दोष न्हाय, विरळ! पाणी घातलंयस गं, बाळाबाई!”

“आठ पोरं पाजल्यावर काय लोणी ऱ्हातंय व्हय?” बाळाबाई खरंच रुसली.

“रुद्राक्का, दोष न्हाय, आणि दाट! एक थेंब पाणी न्हाय! म्हशीगत मालकीण!”

सगळी संस्था हसली. रुद्राणी पदर तोंडाला लावून हसली, जराशी लाजली, जराशी फुगलीही. शेचाळीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, तिला कुणीतरी पहिल्यांदाच छापील कागदावर चांगलं म्हटलं होतं. ते कार्ड तिनं देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलं. वर्षभर चेष्टा चालली. दाट मालकीण आली, सरका.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात पारूबाईच्या लक्षात आलं की रुद्राणी किटली उजव्या कुशीला धरत नाही. आधी पंधरा लिटरची किटली छातीशी आवळून ती तरातरा यायची. आता डाव्या हातात लोंबकळत आणायची, मध्ये दोनदा टेकवायची.

“हाताला काय झालं?”

“काय न्हाय. किटली टोचतीया हितं.”

“कवाधरनं?”

“झालं की पाच-सा म्हैनं.” आणि मग पारूबाईचा चेहरा बघून घाईनं, “आगं, कार्डावर लिवलंय न्हवं दाट हाय म्हनून? दाट आसल्यावर घट्ट लागणारच की. तूच वाचलीस.”

तूच वाचलीस. पारूबाईनं मशीन बंद केलं. रांगेत वीस बायका होत्या. केरबाला म्हणाली, “आज नळीवर काढ,” आणि रुद्राणीचा दंड धरून तिला पावणेआठच्या बसमध्ये घातलं. रुद्राणीचा नवरा प्रभुलिंग मागं पळत आला तर त्याला खिडकीतून म्हणाली, “तुमीबी बसा, न्हायतर म्हशीकडं जावा. मधीच उभं ऱ्हाऊ नगा.” तो बसला.

शहरातल्या त्याच इस्पितळात सुई घालून गाठ तपासली. आठवड्यानं निकाल आला. उजव्या बाजूला कॅन्सर, लिंबाएवढा, काखेत उतरलेला. प्रभुलिंग भिंतीला टेकून खाली बसला. रुद्राणीनं पिशवीतून गुलाबी कार्ड काढून सुष्मिताबाईंच्या टेबलावर ठेवलं, जसं दुकानदारापुढं फाटकं निघालेलं कापड ठेवावं.

सुष्मिताबाईंनी कार्ड वाचलं, दार लावून घेतलं आणि पारूबाईला आतल्या संगणकापाशी नेलं. शिबिरातल्या फिल्मा संगणकात घातलेल्या होत्या.

“मावशी, हे बघा. हा यांचा. काळं दिसतंय ती चरबी. पांढरं दिसतंय ती दाट जागा. हा प्रोग्राम आपोआप पांढरं किती, काळं किती मोजतो आणि आकडा देतो.”

पडद्यावर पांढऱ्याभोवती एक हिरवी रेघ होती, आणि कोपऱ्यात आकडा. ७४.

“म्हंजे सात पॉइंट चार! समद्या म्हशींपरास चांगलं की!”

“उलटं आहे, मावशी. तुमच्याकडं फॅट जास्त म्हणून दूध दाट. इथं फॅट कमी म्हणून छाती दाट. आणि गाठ फिल्मवर कशी दिसते माहीत आहे का? पांढरीच.”

पारूबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. पंधरा वर्षं पांढऱ्यात भेसळ शोधणारी बाई ती. “म्हंजे दुधात खडूची पूड हुडकायची.”

“हो. अशा फिल्मवर ‘दोष आढळला नाही’ याचा अर्थ एवढाच की दिसलं नाही. अशांची सोनोग्राफी करून बघावी लागते. आणि दाट असलं की पुढं हा रोग होण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. त्यासाठीच तर हा अभ्यास चाललाय. कुणाला धोका जास्त ते या आकड्यावरून आधी सांगता येईल का.”

“ह्यो आकडा कवा काढला?”

सुष्मिताबाईंनी मान खाली घातली. “शिबिरानंतर दोन महिन्यांत.”

“आणि सांगितला कुणाला?”

सुष्मिताबाईंनी पडद्यावर सगळी यादी उघडली.  वर्षाच्या वर तो आकडा तिथं बसून होता. त्रेसष्ट बायकांचे त्रेसष्ट आकडे, एका रांगेत, नीट मांडलेले. परदेशातल्या कुणा डॉक्टरला ते दिसत होते, सभेत पडद्यावर दाखवले जात होते. ज्यांच्या अंगातनं काढले त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होते!

पारूबाई हा अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली ती दार न वाजवता. डॉक्टर चांगल्या घरचे, चांगलं बोलणारे. चहा मागवतो म्हणाले.

“च्या नको. आकडं का दाबून ठेवलासा?”

“दाबले नाहीत, बाई. हे संशोधन आहे. हा आकडा म्हणजे रोग नव्हे. दाट असलेल्या बहुतेक बायकांना कधीच काही होत नाही. उगाच सांगून बायकांना घाबरवायचं का?”

“घाबरायचं का न्हाय ते जिचा आकडा हाय ती ठरवंल. तुमी कोन ठरवनार?”

“तुम्हाला समजायला अवघड आहे. टक्केवारी असते त्यात.”

हे बोलायला नको होतं त्यांनी. पारूबाई टेबलावर दोन्ही हात टेकवून उभी राहिली.

“टक्केवारी? पंधरा वर्सं मी टक्केवारीच वाचतो, डाक्टर. पॉइंटासकट वाचतो. सकाळी सा वाजता या गडमुडशिंगीला, अडाणी बाई पॉइंट दोनसाठी कशी भांडती बघा. तिला समजतंय. तुमाला सांगायचं न्हवतं, एवढंच हाय.”

कोपऱ्यात बसलेला एक शिकाऊ डॉक्टर ‘मी वाचतो’ ऐकून हसला. कोल्हापूरच्या बायका वाचतोच म्हणतात, जातोच म्हणतात. पारूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू तिथंच आटलं.

“तरी पण ही माहिती गुप्त असते,” डॉक्टर म्हणाले. “यादी अशी देता येत नाही.”

“आमचंच आमच्यापास्नं गुप्त?”

ती बाहेर आली ती दार आपटून. रागानं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. खरं अर्धंच होतं ते. बाकी अर्ध्याला कारण ‘तूच वाचलीस’ होतं, आणि ते कुणावर काढावं हे तिला कळत नव्हतं.

रुद्राणीची उजवी छाती काढली. औषधांनी केस गेले. आणि इकडं इस्पितळाची जीप पुन्हा गावात येणार अशी चिठ्ठी आली. अभ्यासाला त्याच बायका दोन वर्षांनी पुन्हा लागत होत्या. पहिला आकडा आणि दुसरा आकडा, दोन्ही असल्याशिवाय त्यांचं गणित पुरं होत नव्हतं. पारूबाईनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांना आपली गरज आहे!

जीप आली त्या सकाळी त्रेसष्टातल्या साठ बायका संस्थेच्या पायरीवर आणि अंगणात बसल्या होत्या. एकही उठली नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, बाळाबाईनं त्याला तोंड वाजवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी जीपमधून मोठे डॉक्टर स्वतः उतरले, मागं सुष्मिताबाई, हातात फाईल.

“पावणं आलं! सरका, जागा द्या!” बाळाबाई म्हणाली, आणि कुणीही सरकलं नाही.

“काय हवंय तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“आकडं वाचा,” पारूबाई म्हणाली. “त्रेसष्टच्या त्रेसष्ट. हितं, आत्ता, मोठ्यानं. न्हायतर जीप मोकळी घेऊन जावा.”

डॉक्टरांनी सुष्मिताबाईंकडं बघितलं. सुष्मिताबाईंनी फाईल उघडली. त्यांनी यादी आणली होती. सांगितलं नसताना आणली होती.

तेवढ्यात पायरीच्या टोकाहून आवाज आला. “थांब.” रुद्राणी उठली. डोक्याला रुमाल बांधलेला, उजवा हात सुजलेला, तो डाव्या हातानं सावरलेला.

“पारव्वा, माझं कार्ड तू एकदा मोठ्यानं वाचलीस. हसलो समदी. आता मोठ्यानं नको.”

  पंधरा वर्षं पारूबाईचा जो कायदा होता, ज्याच्यावर ती सचिवाशी, गावाशी, डॉक्टरशी भांडली होती, तो रुद्राणीनं सगळ्यांसमोर मोडला होता. आणि रुद्राणी बरोबर होती. दूध किटलीत असतं. हे किटलीत नव्हतं.

“बरं,” पारूबाई म्हणाली. “एकेक आत. दार लावून. सुष्मिताबाई सांगतील. पण समजंस्तवर सांगायचं. आकडा टाकला आणि पुढची, असं चालणार न्हाय.”

फॅट काढायच्या खोलीत सुष्मिताबाई बसल्या, पारूबाई दाराबाहेर राखणीला. डॉक्टर अंगणात उभे राहिले, ऊन चढेपर्यंत. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही.

दुपारपर्यंत सगळं झालं. तीन गैरहजर होत्या त्यांना निरोप गेला. अकरा जणींचे आकडे मोठे निघाले. त्यांची सोनोग्राफी करायची कबुली पारूबाईनं डॉक्टरांकडून लेखी घेतली. मग तिनं गुलाबी कार्ड त्यांच्यापुढं धरलं.

“ह्यो शब्द बदला.”

“हा शास्त्रीय शब्द आहे, बाई.”

“शास्त्र तुमच्याकडं ठेवा. कार्ड आमच्या घरात येतंय. ह्या गावात दाट म्हंजे चांगलं.”

“मग काय लिहायचं?”

बायका सुचवायला लागल्या. घट्ट, गच्च, भरीव. सगळे शब्द स्तुतीचेच निघत होते. पारूबाईचं माहेर गगनबावड्याचं. तिथं पावसाळ्यात धुकं उतरलं की गाडीचा दिवा लावला तरी पुढं पांढरंच दिसतं, आणि ड्रायव्हर कधी म्हणत नाही की रस्ता मोकळा आहे. तो म्हणतो, काय दिसत नाही, हळू चल.

“धुकं लिवा,” ती म्हणाली. “फिल्मवर धुकं हाय. दिसलं न्हाय म्हंजे न्हाय असं समजू नगा. दुसरी तपासणी करून घ्या. एवढं लिवा, आणि खाली आकडा.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. सुष्मिताबाईंनी ते पुन्हा वाचून दाखवलं, मोठ्यानं. ह्याला रुद्राणीची हरकत नव्हती.

अकरा जणींत काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी ते फोनवर जरा चढ्या आवाजातच कळवलं, बघा, उगाच घाबरवलंत. पारूबाई फोनवर ओरडली ती केरबानं अंगणात ऐकली, “काय निगालं न्हाय ह्येबी आमाला कळायला नको? रुद्राक्काला दोन वर्सामागं एवढंच सांगितलं आसतं तर?” आणि फोन आपटला. हा राग तिचा आजही गेलेला नाही. जावा असं तिला वाटतही नाही.

रुद्राणी पुन्हा किटली घेऊन यायला लागेपर्यंत वर्ष गेलं. पंधराची नाही, पाचाची, डाव्या हातात. एक दिवस रांगेत तिच्यापुढं नवीन लग्न होऊन आलेली एक सून होती. तिनं हौसेनं किटलीचं झाकण उघडलं.

“बघा की, पारूमावशी, दूध किती दाट हाय आमचं!”

पारूबाईनं किटली ओढून घेतली. “दाट-बिट मला सांगू नगंस. त्यो शब्द हितं बंद हाय. आकडा बघ.” मशीनवर लाल आकडे उमटले. “सात पॉइंट एक!”

सून गोंधळून मागं वळली. मागं रुद्राणी उभी होती, रुमाल नसलेली, बोटभर केस आलेली, आणि पोट धरून हसत होती.

“हसतीस काय?” पारूबाई खेकसली. “आण तुझी किटली.”

रुद्राणीनं किटली खाली ठेवली नाही. तिच्या हातात दिली.

“धर, पारव्वा. आता वाच. मोठ्यानं.”